दंतवैद्यांची वीजबचत : मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचा मुलगा बी.डी.एस. होऊन बाहेर पडला. भिवंडीत भाड्याच्या गाळ्यात दवाखाना थाटायचे ठरले. बँकेचे कर्ज मिळाले, खुर्ची आली, कॉम्प्रेसर आला. उरलेल्या रकमेत काय काय बसते याचा हिशेब चालू असतानाच एक विक्रेता दातातला मसाला घट्ट करणारा निळा दिवा घेऊन हजर झाला. सोबत गुळगुळीत कागदाचे पत्रक, आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेले : विजेची नव्वद टक्के बचत! मुलाच्या वडिलांनी सारे आयुष्य यंत्रमागाचे वीजबिल भरण्यात घालवलेले. नव्वद टक्के हा आकडा वाचून ते खूश झाले. आम्हाला म्हणाले, "भाईसाहेब, दिवा महाग आहे, पण बिलात वसूल होईल ना?"

आम्ही त्यांना सांगितले की नव्वद टक्के हा आकडा खोटा नाही. पण नव्वद टक्के कशाचे, हे आधी पाहायला हवे. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या दिवशी जो हिशेब निघाला तो आमच्या वाचकांपैकी जे दंतवैद्यकीच्या व्यवसायात आहेत, ज्यांची मुले-मुली त्यात येऊ पाहत आहेत आणि जे या साहित्याचा व्यापार करतात, त्या सर्वांच्या उपयोगाचा आहे असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

हा दिवा करतो काय?

पूर्वी किडलेला दात साफ करून त्यात चांदी भरत. चांदी म्हणजे पारा व इतर धातूंचे मिश्रण. ते आपोआप घट्ट होते, त्याला दिवा लागत नाही. आता दाताच्या रंगाचा मसाला भरतात, त्याला कॉम्पोझिट म्हणतात. तो मऊ असतो आणि त्यावर निळा प्रकाश पाडला की काही सेकंदांत घट्ट होतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला व तो २०१७ पासून अमलात आला. युरोपीय संघाने तर १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणे, अपवाद वगळता, बंदच केले. म्हणजे चांदी मागे पडत जाणार आणि निळ्या दिव्याचे काम वाढत जाणार हे उघड आहे. म्हणूनच या दिव्याच्या बाजारात एवढी गर्दी आहे.

१९७० च्या दशकात पहिले दिवे अतिनील किरणांचे होते. त्यानंतर हॅलोजन बल्बचे दिवे आले आणि त्यांनी वीस-पंचवीस वर्षे राज्य केले. हॅलोजनमध्ये तार तापून पांढरा प्रकाश पडतो. आपल्याला हवा असतो फक्त निळा. बाकीचे सर्व रंग गाळणी लावून अडवावे लागतात आणि त्यांची उष्णता होते. ती घालवायला पंखा लागतो. जपानच्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली झगझगीत निळा एलईडी बनवला. त्याबद्दल त्यांना इसामू आकासाकी व हिरोशी अमानो यांच्यासह २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. हा एलईडी थेट निळाच प्रकाश देतो, गाळावे काही लागत नाही. २००० सालानंतर दंतवैद्यांच्या हाती एलईडीचे दिवे आले आणि हॅलोजन हळूहळू मागे पडला. तरी जुन्या दवाखान्यांतून व जुन्या मालाच्या बाजारातून हॅलोजन अजून दिसतो.

आता हिशेब मांडू

एक मध्यम चालणारा दवाखाना घेऊ. दिवसाला आठ दात भरले, प्रत्येकात मसाल्याचे तीन थर घातले, तर चोवीस वेळा दिवा लावावा लागला. हॅलोजनने एका थराला ४० सेकंद धरले तर दिवसाकाठी १६ मिनिटे दिवा जळाला. पंख्यासकट तो १०० वॅट घेतो असे धरू. वर्षाला ३०० दिवस काम. एकूण वीज झाली आठ युनिट. महिन्याची नव्हे, वर्षाची!

एलईडीचा दिवा १० वॅट घेतो व २० सेकंदांत काम करतो. वर्षाची वीज अर्ध्या युनिटाच्याही आत. म्हणजे बचत नव्वद टक्क्यांहूनही जास्त. पत्रक खोटे बोलत नाही. पण ही सारी बचत आहे साडेसात युनिटांची. युनिटाला १२ रुपये धरले तर वर्षाला नव्वद रुपये. महागडा दिवा बिलात वसूल करायचा म्हटले तर त्या मुलाच्या नातवांनाही दवाखाना चालवावा लागेल!

गंमत पुढेच आहे. एलईडीचा दिवा बॅटरीवर चालतो व त्याचा चार्जर चोवीस तास भिंतीला लावलेला असतो. हा चार्जर रिकामा असताना अर्धा वॅट जरी खात असेल, तरी वर्षाला चार युनिटांच्या वर जातात. म्हणजे दिवा जेवढी वीज दात भरायला वापरतो त्याच्या दहापट वीज चार्जर नुसता लटकून खातो. रात्री घरी जाताना बटण बंद करणे याला खर्च शून्य. पण तीही बचत शेवटी चाळीस-पन्नास रुपयांची.

मग वीज जाते कोठे?

त्याच दवाखान्याच्या बाकीच्या यंत्रांकडे पाहू. दीड टनाचा एसी तासाला सरासरी एक युनिट घेतो असे धरले, रोज सहा तास, वर्षाचे दोनशे दिवस, तर १,२०० युनिट झाले. एक हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर पाऊण किलोवॅटचा असतो. दिवसाला दोन तास चालला तरी वर्षाला ४५० युनिट. उपकरणे निर्जंतुक करण्याचा ऑटोक्लेव्ह एका फेरीला अर्धा युनिट घेतो असे मानले तर तीन फेऱ्यांप्रमाणे वर्षाला आणखी ४५०. खुर्चीवरचा जुना हॅलोजन दिवा १०० वॅटचा, रोज पाच तास, म्हणजे १५० युनिट. एकूण २,२५० झाले. संगणक, एक्स-रे, पंखे, पाटी हे वेगळेच.

यात निळ्या दिव्याचे आठ युनिट कोठे बसतात? हजारात जेमतेम साडेतीन. अशा ठिकाणी वीज वाचवायला जाणे म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

दरवाजा लावायचा असेल तर उपाय साधे आहेत. संध्याकाळी कॉम्प्रेसरची टाकी भरून तो बंद करावा आणि पंधरा मिनिटांनी काटा पाहावा. काटा खाली सरकला असेल तर कोठेतरी हवा गळते आहे. गळका कॉम्प्रेसर काम नसतानाही चालू-बंद होत राहतो आणि मीटर फिरत राहते. दहा-वीस रुपयांचा वॉशर बदलून जी वीज वाचते ती कोणताही निळा दिवा वाचवणार नाही. एसी २४ अंशांवर ठेवावा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, त्यामागे विचार आहे. खुर्चीवरचा हॅलोजन बदलून २० वॅटचा एलईडी बसवला तर वर्षाला १२० युनिट वाचतात. ऑटोक्लेव्ह अर्धा रिकामा न लावता भरून लावावा. मात्र निर्जंतुकीकरणाची वेळ किंवा फेरी कमी करून कोणी वीज वाचवू नये. ती बचत नव्हे, तो रुग्णाशी केलेला दगा होय.

आणखी एक गोष्ट. महावितरणच्या दरपत्रकात खासगी रुग्णालये व दवाखाने यांच्यासाठी 'सार्वजनिक सेवा - इतर' असा वेगळा वर्ग आहे. दुकानाच्या गाळ्यात दवाखाना उघडला की आधीच्या भाडेकरूचे व्यापारी मीटर तसेच पुढे चालू राहते आणि कोणी लक्ष देत नाही. आपले बिल कोणत्या वर्गाचे येते आणि त्या वर्गाचा आजचा दर काय, हे प्रत्येक डॉक्टरसाहेबांनी एकदा बिल हातात घेऊन पाहावे.

वाया जाते ते वेगळेच

इथवर वाचून कोणी म्हणेल, दिव्याच्या विजेला किंमतच नाही तर जुना हॅलोजन काय वाईट? किंवा बाजारात दोन-तीन हजारांना मिळतो तो एलईडी काय वाईट? येथेच खरा मुद्दा आहे.

दिवा किती वीज घेतो हे महत्त्वाचे नाही. त्यातली किती दातापर्यंत पोहोचते हे महत्त्वाचे आहे. दिव्याच्या टोकाचे क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस सेंटीमीटर असते. चांगला दिवा दर चौरस सेंटीमीटरला १,००० मिलिवॅट प्रकाश देतो. म्हणजे टोकातून निघाला अर्धा वॅट. वीस सेकंदांत दहा ज्यूल. एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात. सगळी वीज प्रकाश होऊन दातावर पडली असती तर एका युनिटात साडेतीन लाखांहून जास्त थर घट्ट झाले असते! दाताची भूक इतकी लहान आहे. पण ती भागली नाही तर सारे काम फुकट जाते.

दोन मिलिमीटरचा थर तळापर्यंत घट्ट होण्यासाठी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १६ ज्यूल लागतात असे सर्वसाधारणपणे मानतात. मसाल्याप्रमाणे हे कमी-जास्त होते. ४०० मिलिवॅटचा दिवा ४० सेकंद धरला की १६ ज्यूल होतात. आता हॅलोजनचा बल्ब पन्नास ते शंभर तासांतच मंदावू लागतो, आरसा काळवंडतो, गाळणी खराब होते. दिवा डोळ्यांना तसाच निळाजर्द दिसतो, पण टोकातून २०० मिलिवॅटच येतात. तेच ४० सेकंद धरले तर दाताला मिळाले आठ ज्यूल, म्हणजे निम्मेच. स्वस्त एलईडीचेही असेच. काहींचा प्रकाश बॅटरी उतरू लागली की घसरतो, काहींचा मध्यभागी प्रखर व कडेला फिका असतो, काहींचा टोक दातापासून जरा दूर गेले की पार विरून जातो. दाढेचा खड्डा तर खोल असतो, टोक तळाशी पोहोचतच नाही.

फसगत अशी की मसाला वरून घट्टच होतो. डॉक्टर टोचणीने तपासतात, टणक लागतो. तळाशी मात्र तो कच्चा राहतो. सहा महिन्यांनी, वर्षाने कडेने पाणी शिरते, खाली पुन्हा कीड लागते, एखाद्या दिवशी मसालाच निघून हातात येतो.

आमच्या परिचयाचे एक जुने डॉक्टर आहेत. हात उत्तम, स्वभाव त्याहून उत्तम. गेली दोन-तीन वर्षे त्यांचे भरलेले दात वरचेवर निघू लागले. ते बिचारे मसाल्याची कंपनी बदलून पाहत होते, रुग्णांना पान-सुपारी सोडायला सांगत होते आणि प्रत्येक दात पैसे न घेता पुन्हा भरून देत होते. कोणीतरी प्रकाश मोजायचा मीटर आणला. दिव्याचा आकडा दोनशेच्याही खाली! दोष ना मसाल्याचा, ना रुग्णाच्या पानाचा. दिव्याखालीच अंधार होता.

आता याचा विजेच्या भाषेत हिशेब करा. एक दात पुन्हा भरायचा म्हणजे अर्धा तास एसी, खुर्चीचा दिवा, कॉम्प्रेसर आणि ऑटोक्लेव्हमधला उपकरणांचा वाटा. सहज पाऊण युनिट गेले. वर्षात असे दहा-अकरा दात पुन्हा भरावे लागले की हॅलोजनच्या सबंध वर्षाएवढी वीज गेली. नव्वद टक्के बचतीचे पत्रक तिथेच पाण्यात पडले. यात मसाल्याची किंमत धरलेली नाही, डॉक्टरांचा वेळ धरलेला नाही. मुख्य म्हणजे त्या यंत्रमाग कामगाराची खाडा पडलेल्या दिवसाची मजुरी धरलेली नाही. तो पाळी सोडून येतो. त्याच्यापुढे तीच खुर्ची, तेच दुखणे. दुसऱ्यांदा दात निघाला की तो तिसऱ्यांदा भरायला येत नाही, उपटायला येतो. ज्याच्या कमाईवर घर चालते त्याच्या तोंडातला दात विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा मोलाचा आहे.

खरेदी करताना

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. एलईडीचा दिवा जरूर घ्यावा, पण वीजबिल वाचेल म्हणून घेऊ नये. प्रकाश टिकून राहतो, तोंडात उष्णता कमी होते, पंख्याची घरघर नाही, आणि भारनियमनात किंवा वीज गेल्यावर काम अर्धवट राहत नाही म्हणून घ्यावा. भिवंडी-मालेगावच्या लोकांना या शेवटच्या गुणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. जबड्याची भूल चढली आहे, खड्डा कोरडा केला आहे, मसाला भरला आहे आणि वीज गेली, हा प्रसंग ज्यांच्यावर आला त्यांनाच ठाऊक.

विकत घेताना चार गोष्टी विचाराव्या. पहिली, टोकाशी प्रकाश किती, आणि टोकापासून आठ मिलिमीटरवर किती? दुसरी, बॅटरी उतरत आली तरी प्रकाश तितकाच राहतो का? तिसरी, बॅटरी बदलता येते का आणि ती दोन वर्षांनी मिळेल का? ज्याची बॅटरी बदलता येत नाही तो दिवा स्वस्त नव्हे, तो ठरावीक दिवसांचा पाहुणा. चौथी, आपण जो मसाला वापरतो त्याला हा प्रकाश चालतो का? बहुतेक मसाल्यांना ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश लागतो, पण काही नव्या मसाल्यांना जांभळ्याकडे झुकणारा प्रकाशही लागतो. मसाल्याच्या डबीतले पत्रक वाचावे.

'तीन सेकंदांत काम फत्ते' असे सांगणाऱ्या दिव्यांपासून जपून राहावे. प्रखर प्रकाशाने दात तापतो. आतली नस जिवंत आहे, ती तापणे सोसत नाही. ज्या मसाल्याच्या पत्रकात इतका कमी वेळ चालतो असे लिहिले आहे त्यालाच तो द्यावा. नारिंगी चष्मा डॉक्टरांनी व मदतनिसानेही वापरावा. चष्मा असला की दिव्याचे टोक दातावर नीट धरता येते, नाहीतर प्रकाश डोळ्यांना बोचतो म्हणून मान फिरते आणि टोक सरकते. टोकाला चिकटलेला मसाला रोज पुसावा. यात एक पैसा खर्च नाही.

प्रकाश मोजण्याचा छोटा मीटर प्रत्येक दवाखान्याने घ्यावा असे नाही. गावातल्या आठ-दहा डॉक्टरांनी मिळून एक घेतला तरी पुरे. या मीटरचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, हे खरे. पण नवा दिवा आला त्या दिवशी काय आकडा होता आणि आज काय आहे, ही तुलना तो चोख करतो. वहीत तारीख घालून आकडा लिहावा आणि दर महिन्याला पाहावा. आकडा घसरू लागला की समजावे, वेळ आली.

विक्रेत्यांना दोन शब्द

दंतवैद्यकीय साहित्याच्या व्यापारात असलेल्या आमच्या वाचकांनाही सांगावेसे वाटते. एसी, फ्रिज यांवर सरकारी ताऱ्यांचे लेबल असते. दातांच्या दिव्याला असे लेबल नाही. त्यामुळे 'वीजबचत' हा शब्द कोणीही छापू शकतो. तो छापून एखादा गिऱ्हाईक मिळेलही, पण हिशेब करणारा गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. त्यापेक्षा दुकानात एक मीटर ठेवा, विकताना दिव्याचा आकडा पावतीवर लिहून द्या आणि वर्षाने मोफत मोजून द्या. मापात पाप नसले की दुकानाचे नाव आपोआप होते. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचीही सोय करा. २०२२ च्या नियमांनुसार त्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत.

त्या भिवंडीच्या मुलाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याने सर्वांत महाग दिवाही घेतला नाही आणि सर्वांत स्वस्तही नाही. मधला घेतला, बॅटरी बदलता येते असा. उरलेल्या पैशांत खुर्चीवरचा दिवा एलईडीचा करून घेतला आणि कॉम्प्रेसरचे सांधे तपासून घेतले. वडील मात्र अजून थोडे नाराज आहेत. नव्वद टक्क्यांचा आकडा त्यांच्या मनातून जात नाही. आम्ही त्यांना एवढेच सांगितले, "चाचा, तुम्ही मागावर कापड विणले तेव्हा वीज किती लागली हे पाहिलेत, पण आधी कापड पक्के आहे ना, हे पाहिलेत. मुलालाही तेच करू द्या."